अर्धी गोणी

पेठ रोडला, रासेगाव मागं टाकल्यावर
रस्ता डावीकडं असा कलतो
की नवख्याला सरळच वाटतो.
तिथली कडेची पांढरी रेघ आमची.
भट्टीवर इसाक, गाड्यावर लहानू,
मागं मी, मणी टाकायला.

मणी काचेचे. खसखशीहून बारीक.
रंग दोनशे डिग्रीवर रटरटतो,
रस्त्यावर पडला की आळायला लागतो,
तेवढ्यात, जेमतेम नाक पुसाल एवढ्या वेळात,
मूठ सैल सोडून पेरायचे.
निम्मे अंग रुततं, निम्मं वर राहतं.
वर राहिलेलं रात्री कामाचं.
गाडीचा उजेड आत घ्यायचा
आणि ज्याचा त्याला परत करायचा.
त्यात उधारी नाही, कमिशन नाही.

खैरनार मुकादम म्हणाला, अर्ध्या गोणीत भागव.
भागवली.
रासेगावच्या शाळेपर्यंत पुरली.
पुढं वळणावर मी रिकामी मूठ हलवत चाललो,
लहानूनं मागं पाहिलं तर पडतंय असं वाटावं म्हणून.
किंवा सवयीनं. आता सांगता येत नाही.

सकाळी साहेब आले.
बुटाच्या टाचेनं रेघ खरवडली,
पट्टी लावून जाडी बघितली,
वहीत सही केली, आम्हाला चहा सांगितला.
उन्हात सगळ्याच रेघा पांढऱ्या.
उन्हात माझीही मान ताठ.

कार्तिकात, पहाटे पावणेतीनला,
पुंजाराम भोये गिरणाऱ्याहून सुरतेला निघालेला.
पिकअपमध्ये टोमॅटोचे एकशे दहा क्रेट, बाहेर धुकं.
समोरून ट्रक आला, अप्पर तसाच ठेवून.
पुंजारामनं नजर खाली घेतली, डावीकडं, कडेच्या रेघेवर.
जुने ड्रायव्हर हेच शिकवतात:
डोळे दिपले तर रेघ धर.
रेघ नव्हती.
म्हणजे होती. जाडी बरोबर, रुंदी बरोबर,
साहेबांची सही असलेली.
पण तिच्याकडं परत द्यायला काही नव्हतं.

गळ्याचं हाड गेलं, दोन बरगड्या. वाचला.
सिव्हिलमध्ये हवालदाराला म्हणाला,
रेघ सुटली हो माझी.
हवालदारानं लिहिलं, चालकास डुलकी लागली.

तिसऱ्या रात्री लहानूची मोटारसायकल मागितली.
का, ते त्यानं विचारलं नाही.
डब्यात चार मुठी मणी होते, जुन्या कामातले उरलेले.
शाळेपर्यंत रेघ माझ्या पुढं पुढं पळत होती,
पांढरीशुभ्र, गुणाच्या कुत्रीसारखी.
शाळा संपली तशी विझली.
मी दिवा चालू ठेवून उतरलो,
वाकून मणी टाकले, पहिल्यांदा नीट, मापात.
सगळे घरंगळले.
डांबरावर, खडीत,
टोमॅटोच्या वाळलेल्या सालींत.
गार रंग काही धरत नाही.
हे मला ठाऊक होतं. वर्षाच्या वर हाच धंदा करतोय.

म्हसरूळला घरी पोचलो तर लाइट गेलेली.
रेणू जागी होती. मोबाइलची बॅटरी
कपाळाशी लावून फिरत होती, खाणीतल्या माणसासारखी.
खुंटीकडं वळली आणि थबकली.
बाबा, तुमची कामाची पँट चमकतेय!
गुडघ्यापासून खाली सगळी!
मी दोन हातांवर, बाजूला उभा.
मला दिसत होती मळकी पँट,
रंगाचे शिंतोडे वाळलेली.
कुठं गं, म्हटलं.
तिथून नाही दिसणार, म्हणाली,
इकडं या, बॅटरी धरा,
डोळ्याजवळ धरा, अशी.

धरली.
मग बराच वेळ
खाली करता आली नाही.